झारीची नळी पाहून घ्या

नाशिकचा भांडी बाजार तांब्यापितळेसाठी नावाजलेला. पण घरातल्या मनी प्लांटसाठी झारी घ्यायची, तर चकाकीआधी नळी पाहावी.

ती बुडाजवळून निघालेली, लांब, निमुळती हवी आणि तिचं टोक झारीच्या काठाइतकं उंच हवं. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला राहतं, त्यामुळे भरलेली झारी सरळ धरली की नळीतून पाणी सांडत नाही. कलती केली की बारीक धार थेट मातीत पडते. पानं कोरडी राहतात. इंग्लंडच्या जॉन हॉज यांनी १८८६ मध्ये तोल साधणाऱ्या झारीचं पेटंट घेतलं. आजच्या कितीतरी देखण्या झाऱ्या त्याच वळणाच्या आहेत.

नाशिकच्या थंडीत कुंडीतली माती सावकाश वाळते. आधी बोट मातीत खुपसून पाहा. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नका.