अंधेरीचे दोन वॉर्ड आणि एक अख्खा देश

अंधेरीची माणसं महापालिकेच्या के-पूर्व आणि के-पश्चिम वॉर्डांत, पार्ले-जोगेश्वरीसह मोजली जातात. २०११च्या जनगणनेत के-पूर्वेत सुमारे ८ लाख २३ हजार, तर के-पश्चिमेत ७ लाख ४८ हजार लोक होते. आता पश्चिम आफ्रिकेतला केप व्हर्दे पाहा. अटलांटिकमधली दहा बेटं, वस्ती नऊंवर आणि २०२१च्या जनगणनेत, राजधानी प्राया धरून, अख्ख्या देशात जेमतेम ४ लाख ९१ हजार माणसं! रेल्वे रुळांच्या कुठल्याही एका बाजूचा आपला वॉर्ड या देशाहून मोठा. एक धागा मला फार आवडतो: केप व्हर्देसारखीच आपली साष्टीही, म्हणजे अंधेरी जिथे आहे ते बेट, पोर्तुगीजांकडे होती, १७३७च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत, केप व्हर्दे मात्र १९७५ साली स्वतंत्र झाला. तुमच्या वॉर्डाचा आकडाही जरूर शोधा आणि इथे लिहा.