खेळाचा संगणक : पैसा कोठे घालावा?

समजा, हिमायतनगरच्या एका घरात सोयाबीनचे पैसे आले आहेत आणि दहावीतल्या मुलाने संगणकाचा हट्ट धरला आहे. अभ्यासासाठी हवा, आणि खरे सांगायचे तर खेळांसाठीही! पैसे मोजकेच. निवड चुकली, तर दुरुस्ती पुढच्या सुगीलाच. मग कोणत्या भागावर किती खर्च करावा?

आधी एक साधा हिशेब करू या. नेहमीच्या पडद्यावर १९२० उभ्या आणि १०८० आडव्या ओळींत मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे!

एकेका ठिपक्याचे काम लहानच. पण ठिपके अफाट. एकटा पैलवान शेत किती खुरपणार? तेथे खुरपणाऱ्यांची टोळीच हवी. प्रोसेसर हा पैलवान आणि ग्राफिक्स कार्ड ही टोळी. कार्डात शेकडो, कधी हजारो छोटे गणक एकाच वेळी राबत असतात. काम वाटून घेण्याचे हेच तत्त्व पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार केलेल्या 'परम ८०००' या महासंगणकात वापरले होते.

म्हणून खेळासाठी खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. तेवढे पैसे नसतील तर? चित्र काढण्याची सोय अंगातच असलेला प्रोसेसर घ्यावा. कार्ड पुढे बसवता येते. मात्र असा प्रोसेसर चित्रांसाठीही रॅमच वापरतो. तेव्हा १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या. माहितीच्या ये-जा करण्याला दोन वाटा मिळतात.

साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असली, तरी एका फेऱ्याला १/१२० सेकंद लागतो आणि हवी ती माहिती समोर येईपर्यंत थांबावेच लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते.

आता वीज. प्रोसेसर ६५ वॅट, पुढे येणारे कार्ड १३० आणि इतर भाग ५५ धरले, तर बेरीज २५० होते. तरीही वीजपुरवठ्याचा डबा ४५० वॅटचा आणि चांगल्या प्रतीचा घ्यावा. येथे काटकसर नको. तो बिघडला तर इतर भागांनाही धोका असतो.

शेवटी आपल्या भागातला उन्हाळा! खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७५ अंशांवर चालतो असे समजा. फरक ५० अंशांचा. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची, तर तेवढाच फरक लागतो. मे महिन्यात खोली ४३ अंशांवर गेली, की प्रोसेसर ९३ वर पोहोचेल! ९५ ते १०० अंशांच्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. मग महाग भागाचा उपयोग काय? म्हणून रंगीत दिव्यांच्या बंद पेटीपेक्षा समोर जाळी व दोन पंखे असलेली साधी पेटी बरी. जाळीवरची धूळ मात्र महिन्याला झाडावी.

विद्यार्थिमित्रांनो, दुकानात जाण्यापूर्वी वहीत दोन रकाने आखा : पुढे वाढवता येणारे भाग आणि सहसा न बदलले जाणारे भाग. रॅम, साठवण, कार्ड पहिल्यात. मदरबोर्ड, वीजपुरवठा, पेटी दुसऱ्यात. आज दुसरा रकाना नीट निवडा. पहिला पुढच्या सुगीलाही भरता येईल.