निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात

रत्नागिरी सोडून महामार्गाने सिंधुदुर्गात शिरताना पहिलं मोठं गाव खारेपाटण. या पट्ट्यात घरातली बंदूक बहुधा शेतीसंरक्षणाची, ठासणीची: आधी दारू, मग छर्रे. अशा बंदुकीची शेतीरक्षणासाठीची सोय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्येच आहे.

परवाना मात्र शिकारीचा नव्हे. रानडुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची वेगळी परवानगी लागते. हा फरक पारावर कुणी फारसा बोलत नाही.

आचारसंहिता लागली की बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. वानर आणि डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्यांची तक्रार रास्तच. सरसकट जमा करून घेणं मुंबई उच्च न्यायालयालाही मान्य नाही. जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारक तपासायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले यांच्यावर विशेष नजर. जमा केल्याची पावती जपून ठेवावी. निकालानंतर बंदूक परत मिळते.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि लग्न-वरातीत जीव धोक्यात घालणाऱ्या हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. विनापरवाना साध्या बंदुकीलाही आता किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.