गुडघ्याचा सांधा : साधा की भारी?

जन्मभर उकिडवे बसून भांडी घासली, दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली, डोक्यावर विटा घेऊन जिने चढले. त्या आमच्या मायमाउल्यांचे गुडघे साठीच्या आतच बोलू लागतात. वाट्या झिजल्या, ऑपरेशन करा, असे डॉक्टर सांगतात आणि पाठोपाठ सवाल येतो, ‘सांधा कोणता बसवायचा?’ इथेच कुटुंब कर्जात उतरते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

साधा पूर्ण सांधा कमी टिकतो, हा समज काढून टाकावा. ऑस्ट्रेलिया व फिनलंडमध्ये अशा ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. त्यावरून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेला हिशेब असा : १०० पूर्ण सांध्यांपैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. गुडघ्याचा एकच भाग बदलणारा अर्धा सांधा १०० पैकी ७०. त्याची जखम लहान, माणूस लवकर चालतो, पण पुन्हा ऑपरेशनचा संभव अधिक. आतली प्लॅस्टिकची गादी फिरती असो वा पक्की, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत फिरतीचा काही जादा फायदा दिसला नाही.

‘जास्त वाकणारा’ म्हणून जो सांधा खपवतात, त्याविषयी मात्र सावध राहावे. आमच्या भगिनींना मांडी घालायची असते, विहारात गुडघे टेकून पंचांग प्रणाम करायचा असतो. विकणारा नेमका तिथेच बोट ठेवतो. पण तुलना झाल्या त्यांत साध्या सांध्याहून म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही. गुडघा आधी किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती केला, यावरच बरेचसे ठरते. वंदना खुर्चीवर बसून घेतली म्हणून काय बिघडले? पौर्णिमेला विहारात चार खुर्च्या मांडणे कोणत्याही समितीला जड नाही.

किमतीचे म्हणाल तर, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर बांधले. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये, जास्त वाकणारा ५६,४९०, टायटॅनियम वा झिर्कोनियमचा ७६,६००, कर वेगळा. पुढे दरांत बदल झाले, तेव्हा चालू दर विचारून घ्यावा. बिलात सांध्याची किंमत, कंपनी व बॅच नंबर स्वतंत्र लिहून मागावेत. खोक्यावरची चिकटपट्टी फाईलला लावून जपावी. वीस वर्षांनी सांधा सैल झाला तर नव्या डॉक्टरला तीच उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे, आणि तेही ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी.