गांधीजी, २५५ आणि एक वजा दोन

संगणकावर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यांना विचारा, या खेळांतला सगळ्यात गाजलेला बग कुठला? बरेच जण एकच नाव घेतील: गांधीजी. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ मायक्रोप्रोझ कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. आपण एका संस्कृतीचं राज्य चालवायचं, बाकीची राज्यं संगणक चालवतो. त्यात भारताच्या गादीवर गांधीजी बसलेले. गोष्ट अशी सांगतात, की खेळ उत्तरार्धात आला की हेच गांधीजी शेजाऱ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे.

त्यामागचं कारणही मोठं रंगवून सांगितलं जातं. प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा दिलेला होता. गांधीजींचा सर्वांत कमी, म्हणजे १. राज्याने लोकशाही स्वीकारली की हा आकडा २ ने घटायचा. एकातून दोन गेले की उणे एक. पण आकडा ठेवला होता एका बाइटमध्ये, आणि त्या बाइटमध्ये उणे चिन्हाला जागाच नव्हती. त्यात मावतात ० ते २५५ एवढेच आकडे. गाडीचं मीटर शून्यावरून मागे फिरवलं की सगळे नऊ दिसावेत, तसा तो आकडा शून्याच्या मागे जाऊन थेट २५५ वर पोचला आणि अहिंसेचा पुजारी जगातला सर्वांत आक्रमक राज्यकर्ता झाला.

ही कथा खोटी आहे. खुद्द सिड मायरने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तसं स्पष्ट लिहिलं आहे. खेळ ‘सी’ भाषेत लिहिलेला होता आणि सीमधला साधा पूर्णांक उणे आकडे सुखाने सांभाळतो. आक्रमकतेच्या पायऱ्याही तीनच होत्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींसोबत इतरही काही नेते होते. मग अणुबॉम्बची धमकी? ती तर त्या खेळातला कुठलाही नेता ठरीव शब्दांत द्यायचा. गांधीजींच्या तोंडी ती ऐकली की लक्षात राहायची, एवढंच. २५५ ची कहाणी इंटरनेटवर पसरली तीच मुळी २०१२ च्या सुमारास, खेळ येऊन दोन दशकं उलटल्यावर. मधल्या काळात, २०१० च्या पाचव्या आवृत्तीत, जॉन शेफरने गंमत म्हणून गांधीजींच्या अण्वस्त्रप्रेमाला दहापैकी बारा गुण देऊन ठेवले होते. म्हणजे जो बग कधी नव्हताच, त्याच्या नावाला शोभेल अशी वागणूक खेळात मुद्दाम आणली गेली.

नागपूरहून गांधीजींचा सेवाग्राम आश्रम दीड-दोन तासांवर आहे, त्यामुळे तिकडे माझं जाणं होतच असतं. प्रोग्रामिंगची आवड असलेल्या माणसाने तिथे जाऊन आश्रमातला टेलिफोन नक्की बघावा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी तातडीने बोलता यावं म्हणून सरकारने तो तिथे बसवला होता. मातीच्या भिंती, बांबूची चौकट आणि मध्येच हे यंत्र. पण मला त्याहून जास्त रमवते ती गावाच्या नावाची हकिकत. गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले तेव्हा गावाचं नाव होतं सेगाव. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, हे सेगाव वर्ध्याजवळ, आणि गांधीजींचं टपाल सारखं शेगावची वाट धरायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. दोन गोष्टींची नावं जवळजवळ सारखी ठेवली की निरोप भलत्याच ठिकाणी जातो, हे प्रोग्रामरला पहिल्या वर्षात शिकावं लागतं. यावरचा उपाय तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे: एकाचं नाव बदला. आणि अणुबॉम्बबद्दल गांधीजींना काय वाटत होतं, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी १९४६ च्या ‘हरिजन’मधला त्यांचा लेख काढून वाचावा. अहिंसेवरची त्यांची श्रद्धा हिरोशिमानंतर अधिकच घट्ट झालेली त्यात दिसते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कथा खोटी असली तरी तिच्यातलं गणित खरं आहे, आणि म्हणूनच ती टिकली. ‘एक वजा दोन’ हा एकच प्रश्न जुन्या प्रोग्रामिंग भाषांना विचारून पाहणं हा माझा कित्येक वर्षांचा छंद आहे. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम घेतला की आजच्या लॅपटॉपवरही यातल्या बऱ्याच भाषा चालतात.

सीमध्ये उणे चिन्ह न घेणारा बाइट मागून घेतला आणि त्यात एकातून दोन वजा करून ठेवले, तर खरोखरच २५५ मिळतात. ना तक्रार, ना इशारा. म्हणजे दंतकथेतला प्रसंग सीमध्ये घडवता येतो; फक्त तसा बाइट मुद्दाम मागावा लागतो. टर्बो पास्कलमध्ये ‘बाइट’ हा प्रकार वापरला की तिथेही २५५. पण पास्कलमध्ये वरती महिरपी कंसात डॉलर, आर आणि अधिकचं चिन्ह टाकून मर्यादा तपासायला सांगितलं, की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ‘रनटाइम एरर २०१’ दाखवतो. हा सर्वांत सभ्य प्रकार, असं माझं मत आहे. चूक झाली तर काम थांबवावं आणि तसं सांगावं. जीडब्ल्यू-बेसिकला बाइट नावाचा प्रकारच ठाऊक नाही. तो निमूटपणे उणे एक छापतो. मात्र पोक ही आज्ञा देऊन तोच उणे एक मेमरीत घालायला गेलात, की ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ म्हणून अडवतो.

आणि कोबॉल! कोबॉलमध्ये आकड्याची जागा चित्रासारखी आखावी लागते: दोन अंकी आकडा हवा तर ‘पिक ९९’. उणे चिन्ह हवं असेल तर ९९ च्या आधी ‘एस’ लिहायचा. तो लिहिला नाही आणि एकातून दोन वजा केले, तर कोबॉल चिन्ह गाळतो आणि आकडा तेवढा ठेवतो. उत्तर येतं १. हे पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. याचा अर्थ, तो खेळ कोबॉलमध्ये लिहिला असता आणि आक्रमकता ‘पिक ९९’मध्ये ठेवली असती, तर लोकशाही येवो न येवो, गांधीजी एकवरच राहिले असते. याच भाषेच्या दोन अंकी जागेत शंभर हलवायला गेलं तर डावीकडचा एक गळून ०० उरतात. सन २००० च्या तोंडावर जगभरच्या बँकांना घाम फोडणारी आणि आपल्याकडच्या हजारो पोरांना कोबॉल शिकवून परदेशी पाठवणारी वायटूके भानगड याच दोन अंकी वर्षाची.

विदर्भातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकलेल्यांना टर्बो सीचा निळा पडदा सांगायला नकोच. फॅक्टोरियलचं प्रॅक्टिकल आठवा. सातचं उत्तर ५०४० येतं, बरोबर. आठचं यायला हवं ४०३२०; पडद्यावर येतं उणे २५२१६. सोळा बिटांच्या पूर्णांकाची धाव ३२७६७ पर्यंतच. आठचं उत्तर त्यापलीकडे जातं, म्हणून खरं उत्तर आणि ६५५३६ यांच्यातला फरक उणे होऊन समोर येतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करून बघा. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक व्हायव्हात विचारायला हवा. बहुतेक जर्नलांत मात्र नमुना म्हणून पाचचं फॅक्टोरियल छापलेलं असतं आणि ही सगळी मजा हुकते.

या भाषांचा इतिहास थोडक्यात सांगतो. फोरट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकसच्या चमूने केली, कोबॉल त्यानंतर दोन-तीन वर्षांत आली, बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात, पास्कल १९७० च्या सुमारास निकलाउस विर्थने, आणि सी १९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने केली.

यातल्या फोरट्रानचीही एक दंतकथा आहे, आणि ती गांधीजींच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी. जुन्या फोरट्रानला शब्दांमधल्या मोकळ्या जागेशी देणंघेणं नव्हतं आणि चलांची आधी नोंदणी करायची सक्तीही नव्हती. ‘डू १० आय = १,१०’ लिहिलं तर काम दहा वेळा फिरतं. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, की फोरट्रान सगळे शब्द एकत्र चिकटवून ‘डू१०आय’ नावाचा नवाच चल जन्माला घालतो आणि त्यात १.१० ठेवतो. फेरा फिरतच नाही. याच टिंबाने १९६२ मध्ये मरिनर-१ हे यान बुडवलं असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ती टिंबाची चूक नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातल्या प्रोग्राममध्ये होती आणि नुकसान होण्याआधीच पकडली गेली. मरिनरच्या बाबतीत मार्गदर्शनाच्या सूत्रातली एका अक्षरावरची आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती.

खेळांत खरे बग नव्हतेच असं नाही. १९९४ च्या ‘एक्स-कॉम’मध्ये तुम्ही कितीही अवघड पातळी निवडा, पहिल्या लढाईनंतर खेळ गुपचूप सर्वांत सोप्या पातळीवर यायचा. मुरलेले खेळाडू तक्रार करू लागले, की खेळ फारच सोपा आहे. निर्मात्यांनी ती मनावर घेऊन पुढच्या वर्षीचा दुसरा भाग चांगलाच अवघड करून टाकला.

पण सर्वांत मोलाचा बग बुद्धिबळातला. मे १९९७ मध्ये बुद्धिबळ खेळणारं यंत्र डीप ब्लू आणि जगज्जेता कास्पारोव यांच्यातल्या सामन्याच्या पहिल्या डावात यंत्राने ४४ व्या चालीला हत्ती अशा घरात नेला, की कुणालाच त्याचा अर्थ लागेना. यंत्राला चाल निवडता आली नव्हती आणि बगमुळे त्याने कुठलीतरी चाल खेळून टाकली होती, हे यंत्र बनवणाऱ्या मंडळींपैकी मरे कॅम्बेल यांनी पुढे लेखक नेट सिल्व्हर यांना सांगितलं, आणि सिल्व्हर यांच्या २०१२ च्या पुस्तकात ते छापून आलं. तो डाव कास्पारोवच जिंकला, पण त्या चालीत यंत्राची काहीतरी खोल समज दडलेली असावी ही शंका त्याच्या मनात घर करून बसली, असं सिल्व्हर मांडतात. पुढचा डाव कास्पारोवने सोडून दिला. त्या पटावर बरोबरी साधता आली असती, हे नंतर विश्लेषणातून दिसलं. सामना यंत्राने साडेतीन-अडीच असा जिंकला.

जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तिच्या पिढीचे खेळाडू ज्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामवर डाव तपासतात, तो सीचीच मुलगी असलेल्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि त्याचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे. कुणीही तो उघडून ओळ न् ओळ वाचू शकतो.