लेखांक नववा : अकोल्याचे ऊन आणि कोपराचे कवच

मोटारसायकलस्वाराच्या नितंबाच्या कवचाविषयी या आठवड्यात लिहीन असे मी कबूल केले होते खरे. परंतु अकोल्याहून एका वाचकाचे जे पत्र आले त्याने तो बेत पार मोडून टाकला, आणि पत्र दोनदा वाचून झाल्यावर मला असे वाटले की नितंबाचे प्रकरण आठ दिवस तहकूब ठेवले तर त्यापायी कोणाचे हाड मोडणार नाही, पण उन्हाळ्याचे प्रकरण पावसाळ्यात लिहिले तर ते निव्वळ वाङ्मय ठरेल.

पत्रलेखक कळवितात की, मे महिन्यातील एका दुपारी कचेरीबाहेर गाडीच्या सीटवर त्यांचे रायडिंग जाकीट तासभर पडून राहिले, आणि परत येऊन कोपराच्या खिशातील आर्मर, म्हणजे आघात झेलणारे कवच, चाचपून पाहिला तेव्हा सकाळी जाड चामड्यासारखा लागणारा तो तुकडा तिंबलेल्या कणकेसारखा लिबलिबीत झालेला आढळला. त्यांचे प्रश्न दोन : हा तुकडा मला वाचवील काय? आणि वाचविणार नसेल, तर तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी खिशात घालावा काय? दुसऱ्या प्रश्नाला मी प्रथम हसलो. पण तो प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही.

हळू दाबले तर वाट देणारा आणि एकाएकी आदळले तर ताठरणारा हा पदार्थ समजाविण्यासाठी तिसऱ्या लेखांकात मी तसेच वागणाऱ्या मक्याच्या पिठाच्या पाण्याचा दृष्टांत दिला होता. तो दृष्टांत आता मला अर्धाच वाटतो, कारण त्यात उष्णतेचा हिशेब कोठेच येत नाही. त्याहून यात्रेतली रेवडी बरी. खुंटीवर टाकून पाक ओढणारा हलवाई तो ऊन असताना सावकाश ओढतो, म्हणून त्याची दोरी निघते. तोच पाक निवल्यावर हिसडला तर कट्कन तुटतो. दाताखाली एकदम चावलेली रेवडी फुटते आणि तोंडात धरून ठेवलेली मऊ पडते. ऊब आणि सावकाशपणा यांचा परिणाम येथे एकाच दिशेने होतो हे आमच्या हलवायांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बहुवारिकांच्या बाबतीत, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या बाबतीत, त्याचे गणिती सूत्र १९५५ साली विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी अमेरिकेत मांडले, आणि आजही ते त्या तिघांच्याच नावांनी ओळखले जाते.

आपल्या मऊ आर्मरची सारी करामत या सूत्रातच आहे. हळू वाकविले असता जो वाकतो आणि एकाएकी आदळले असता जो ताठरतो, तो पदार्थ आपल्या मऊ व कठीण अवस्थांच्या सीमेवर मुद्दाम आणून बसविलेला असतो. आणि सीमेवरच्या गावाचे जे होते तेच त्याचे होते, म्हणजे थोडी स्वारी इकडून आली की तो त्या बाजूला जातो. ऊन वाढले की तुमचा वेगवान आघात त्याला संथ वाटू लागतो व तो ताठरण्याचे विसरतो. थंडी वाढली की साधे वाकविणेही त्याला आघातासारखे भासते.

मग बिघडते काय, ते आकड्यांत पाहू. ईएन १६२१-१ या युरोपीय मानकाच्या कसोटीत ५ किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून सोडतात, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जा त्या तुकड्याच्या माथी मारतात. ही ऊर्जा १० मिलिमीटर जाडीत सारख्या विरोधाने जिरली, तर सरासरी बल ५ किलोन्यूटन होते. परंतु पहिले ८ मिलिमीटर तुकड्याने बिनतक्रार वाट दिली आणि सगळा भार शेवटच्या २ मिलिमीटरांवर आला, तर तेच बल २५ किलोन्यूटनांवर जाते. हातापायांच्या कवचाला पहिल्या पातळीत सरासरी ३५ किलोन्यूटन आणि दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटन एवढेच बल पलीकडे पोचू देण्याची मुभा आहे, हे मागे आलेच आहे. म्हणजे दुसऱ्या पातळीची सनद मिळविलेला तुकडा केवळ उन्हाने पदच्युत होऊ शकतो. दुकानदार आपल्या बोटावर आर्मर ठेवून हातोडी मारून दाखवितो, ते दुकान बहुधा वातानुकूलित असते. आणि अर्ध्या किलोची ती हातोडी कितीही आवेशाने पडली तरी वर सांगितलेल्या ५० ज्यूलांच्या आसपासही पोचत नाही.

मूळ कसोटी प्रयोगशाळेतील सुखावह हवेत होते. उष्ण व शीत कसोट्या ऐच्छिक आहेत : ४० अंशांवर तपासलेल्या तुकड्यावर ‘टी अधिक’ आणि उणे १० अंशांवर तपासलेल्यावर ‘टी उणे’ अशी खूण उमटविलेली असते. ओल्या स्थितीतील कसोटी मात्र सक्तीची आहे, आणि ते योग्यच. बंद कपाटात दोन पावसाळे काढलेल्या बुटाचा तळ ज्याच्या हातात चुरा होऊन आला आहे, त्याला पॉलियुरेथेन (मऊ आर्मरही बहुधा त्याचाच असतो) आणि दमट हवा यांचे वैर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पत्रलेखकांनी आपल्या तुकड्यावरील शिक्क्याची हुबेहूब नक्कल काढून पाठविली आहे, याबद्दल त्यांचे आभार. मोटारसायकलस्वाराचे चित्र, त्याशेजारी ‘ई’ म्हणजे कोपर, ‘बी’ म्हणजे मोठ्या आकाराचा प्रकार, ‘१’ म्हणजे पहिली पातळी. त्यापुढे एकच खूण आहे, आणि ती आहे ‘टी उणे’. अकोल्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेथे हे कवच उणे १० अंशांतील कर्तबगारीचा दाखला घेऊन नांदत आहे!

मात्र फ्रीजची तजवीज निरुपयोगी. बोटभर जाडीचा तुकडा रस्त्यावरच्या झळांत काही मिनिटांतच हवेशी समरस होतो. त्याऐवजी जाकीट उन्हात टाकू नये, कचेरीत सोबत न्यावे. जाळीचे असेल तर निघताना पाण्याने ओले करावे, कारण विदर्भाच्या कोरड्या हवेत ते पाणी उडताना तुकड्यालाही निववते. रत्नागिरीच्या वाचकांनी या उपायावर भिस्त ठेवू नये. तेथे पाणी उडतच नाही. चामड्याच्या जाकिटाला तर तो मुळीच करू नये. आणि नवे तुकडे घेताना दुसरी पातळी व ‘टी अधिक’ ही दोन्ही एकाच शिक्क्यात मागावीत. ४० अंशांपलीकडे कोणाचीही हमी नसते, पण पातळीतील फरक तेवढी शिल्लक गाठीला ठेवतो. खिशाचे माप मात्र आधी कागदावर काढून न्यावे, कारण जाकिटाच्या खिशात न बसणारा उत्तम तुकडा मी स्वतः दोनदा विकत घेतलेला आहे.

नितंब पुढच्या आठवड्यात.