रंगविलेल्या गोधडीची पूर्तता

गोधडी हा शब्द आपल्या बेळगाव परिसरात नवा नाही. मराठी घरांत ती गोधडी वा वाकळ, कानडी घरांत कौदी, आणि हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजात कवंद. परंतु कापडावर आधी चित्र रंगवून, मग त्याची गोधडी शिवून ती भिंतीवर लावणे, हा प्रकार आपल्याकडे तसा विरळाच. अशी एक गोधडी नुकतीच माझ्या हातून पूर्ण झाली.

चित्र माझे नव्हे. भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या यजमानांनी २०१९ साली सुती कापडावर अ‍ॅक्रिलिक रंगांत येळ्ळूरचा राजहंसगड आणि पायथ्याची भातशेती रंगविली. शेते झाली, गड झाला. आकाश मात्र कोरे राहिले आणि ते गेले. पुढे काही वर्षे ते कापड कपाटातच होते. कुणा चित्रकाराकडून आकाश भरून घ्यावे, असे मुलांचे म्हणणे होते. मला ते पटेना. पण कोरे कापड तसेच ठेवणेही मनाला रुचेना.

निर्णय अखेर शिवणशास्त्रानेच दिला. रंगविलेले कापड, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली अस्तर, असे तीन थर कच्च्या टाक्यांनी जोडून त्यांवर धावदोरा घालतात. जेथे टाके दाट, तेथे कापड आकसते. जेथे विरळ, तेथे ते फुगते. म्हणजे शेतांत दाट टाके घालून आकाश मोकळे सोडले, तर गोधडी कधीच सपाट बसणार नाही. कोऱ्या जागेलाही शेतांइतकेच टाके हवेत! मी आकाशाला रंग लावला नाही; पांढऱ्या दोऱ्याने आडव्या, किंचित लहरत्या ओळी घातल्या. पावसाळी ढगांना तेवढे पुरते.

अ‍ॅक्रिलिक रंगाचा कापडावर पापुद्रा बसतो. त्यात सुईचे भोक पडले की ते बुजत नाही. टाका उसवला तरी खूण राहते. म्हणून बारीक सुई घ्यावी आणि रेघ आधी ठरवावी. टाका कडा जुळविण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नव्हे, हा शस्त्रक्रियेतील धडा प्रसूतिगृहात आयुष्य घालविलेल्या मला येथेही उपयोगी पडला. मी मध्यापासून कडेकडे शिवत गेले, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. सिद्दी भगिनी याच्या उलट, कडेकडून मध्याकडे शिवतात आणि कोपऱ्यांना घडीच्या कापडाची ‘फुले’ लावतात. त्यांवाचून कवंद पुरे झाले असे त्या मानीत नाहीत.

शिवण संपल्यावर चारही बाजू गुण्याने मापून छाटल्या. आता प्रश्न कडेचा. गोट लावला तर चित्राला चौकट येते. मला ते आकाश चौकटीत कोंडायचे नव्हते. म्हणून पुढून पट्टी शिवून ती पूर्णपणे मागे वळविली आणि तुरपाई केली. समोरून कड दिसत नाही. अस्तर सासूबाईंच्या इरकली लुगड्याचे आहे. मागे वरच्या बाजूस चार इंची नेफा शिवला. गोधडी ४८ इंच रुंद, नेफा ४६ इंच. त्यातून लाकडी पट्टी गेली की वजन सर्वत्र सारखे विभागते. खिळ्यांनी टांगल्यास कापड त्याच जागी ताणते.

अशी गोधडी उन्हाच्या भिंतीवर लावू नये. ठेवायची झाल्यास घडी न घालता, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावी. घडीच्या जागी रंगाला चिरा जातात.

शेवटचे काम मागच्या चिठ्ठीचे. सुती तुकड्यावर कापड, रंग, माप आणि साल लिहून तो शिवावा, असा माझा आग्रह आहे. पुढच्या पिढीला त्याखेरीज काय कळणार? आमच्या चिठ्ठीवर दोन साले आहेत : चित्र २०१९, शिवण २०२४. मुलांनी ती वाचली. आकाश भरून घेण्याविषयी त्यानंतर कुणी बोलले नाही.